वादग्रस्त नेता, शासकीय इतमाम आणि व्हॉट्सॲपवरचे पाच दावे

एखादा वादग्रस्त नेता गेला की नागपूरच्या व्हॉट्सॲप गटांवर तासाभरात एक मजकूर फिरू लागतो. नाव तेवढे बदलते, बाकी सगळे तेच. "घटनात्मक पदावर नसलेल्या माणसाला शासकीय इतमाम देणे घटनाबाह्य आहे. २१ तोफांच्या सलामीवर करदात्यांचे कोट्यवधी रुपये उधळतात. तिरंगा सरणावर जळतो. सगळी कार्यालये बंद करून दुखवटा लादतात. हायकोर्टात गेलात तर दोन तासांत स्थगिती मिळते. जास्तीत जास्त शेअर करा."

यामागच्या रागाशी आमचे भांडण नाही. ज्याच्या भाषणांनी वस्त्या पेटल्या, त्याच्यासाठी सरकारी बिगुल कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. पण मजकुरातली माहिती बहुतेक चुकीची आहे. चुकीच्या माहितीवर घेतलेला आक्षेप सरकार एका ओळीच्या खुलाशात झटकून टाकते आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. तो प्रश्न आहे, हा निर्णय कोणी आणि कशाच्या आधारावर घेतला. मजकुरात त्याचा उल्लेखही नाही.

"पदावर नसेल तर घटनाबाह्य"

घटनेत शासकीय अंत्यसंस्काराबद्दल एक शब्दही नाही. 'राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१' मध्ये शासकीय अंत्यसंस्काराचा उल्लेख येतो, तो तिरंगा पांघरण्याच्या संदर्भात. मात्र हा मान कोणाला द्यायचा, हे तो कायदा सांगत नाही. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री यांच्याबाबत केंद्राच्या सूचना आणि प्रघात आहेत. त्यापलीकडे राज्यात शब्द मुख्यमंत्र्यांचा.

बाळासाहेब ठाकरे यांनी आयुष्यात एकही शासकीय पद घेतले नाही. तरी १८ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवाजी पार्कवर त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला गेला, आणि तेव्हा सरकार त्यांच्या विरोधकांचे, म्हणजे काँग्रेस आघाडीचे होते. श्रीदेवी यांच्या वेळी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, 'पद्मश्री होती म्हणून तिरंगा' असे स्पष्टीकरण बरेच दिवस फिरले. पद्म पुरस्काराने असा हक्क आपोआप मिळत नाही. माहिती अधिकारात जे बाहेर आले ते वेगळेच होते: मुख्यमंत्री कार्यालयाकडून तोंडी सूचना गेली आणि यंत्रणा कामाला लागली. अशा वेळी सामान्य प्रशासन विभाग किंवा राजशिष्टाचार शाखा जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्तांना कळवते. पुढची धावपळ निवासी उपजिल्हाधिकारी, तहसीलदार आणि पोलीस मुख्यालयाची.

याला बेकायदा म्हणता येत नाही, मनमानी मात्र म्हणता येते. दोन आरोप वेगळे आहेत. मजकुराची एक आवृत्ती कलम १८ पुढे करते, म्हणजे राज्याने किताब देऊ नयेत ते कलम. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतरत्न आणि पद्म सन्मानही नावामागे-पुढे लावले नाहीत तर किताब ठरत नाहीत, असे सांगितले. मग तीन फैरींची मानवंदना किताब कशी ठरणार?

जपानमध्ये हाच वाद जास्त नेमकेपणाने झाला. माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची ८ जुलै २०२२ रोजी हत्या झाली आणि २२ जुलैला मंत्रिमंडळाने राष्ट्रीय अंत्यसंस्काराचा निर्णय घेतला, संसदेला न विचारता. माजी पंतप्रधानासाठी असा सोहळा त्याआधी १९६७ मध्ये शिगेरू योशिदा यांचा झाला होता. राष्ट्रीय अंत्यसंस्कारांचा जुना हुकूम १९४७ मध्येच संपला होता. त्यामुळे विरोधकांनी 'आबे चांगले की वाईट' यावर थांबायचे सोडून 'कोणत्या कायद्याखाली?' हे विचारले, आणि सरकारला उत्तर देताना घाम फुटला.

"२१ तोफा आणि कोट्यवधी रुपये"

राज्य सरकारच्या इतमामात मानवंदना पोलिसांची असते. तोफा आणि तोफगाडा हे सैन्याचे काम. कामठीला छावणी आहे म्हणून तिथून तोफा येत असतील, असा समज शहरात आहे. कामठीचे गार्ड्स रेजिमेंटल सेंटर पायदळाचे आहे. बातमीत 'तोफांची सलामी' छापून येते तेव्हा घाटावर बहुतेक वेळा पोलिसांनी रायफलींतून हवेत तीन फैरी झाडलेल्या असतात.

क्रमात थोडाफार फरक पडतो, पण ढाचा असा: तिरंग्यात लपेटलेले पार्थिव ओट्यावर ठेवतात, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधिकारी पुष्पचक्र वाहतात, तुकडी 'सलामी शस्त्र' देते, 'शोक शस्त्र'च्या हुकुमावर रायफलीची नळी जमिनीकडे जाते, मग तीन फैरी आणि बिगुलावर 'लास्ट पोस्ट' ही निरोपाची धून. तुकडीत १० शिपाई धरले तर ३० ब्लँक राउंड, म्हणजे गोळीविना काडतुसे, लागतात. या राउंडमध्ये गोळी नसल्याने रायफल आपोआप पुढचा राउंड भरण्याइतका दाब तयार होत नाही. त्यामुळे एसएलआरसारखी (सेल्फ-लोडिंग) रायफल प्रत्येक फैरीला हाताने कॉक करावी, म्हणजे पुढच्या फैरीसाठी भरावी लागते. सराव कमी असेल तर 'धाड' असा एक आवाज येण्याऐवजी लाह्या फुटल्यासारखे होते. ब्लँक राउंड निरुपद्रवी नसतो. नळीतून गरम वायू जोरात बाहेर पडतो. म्हणून तुकडी शेडबाहेर, गर्दीपासून अंतर ठेवून उभी करावी लागते. मोबाइल उंचावून पुढे घुसणाऱ्या कार्यकर्त्यांना हे सांगणे हीच बंदोबस्तातल्या हवालदाराची मोठी डोकेदुखी.

राउंड जुने असतील तर काय होते, ते बिहारमध्ये दिसले. २१ ऑगस्ट २०१९ रोजी सुपौल जिल्ह्यात माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यसंस्कारात, मुख्यमंत्री नितीशकुमार समोर उभे असताना, २२ पैकी एकही रायफल उडाली नाही. मिश्र चारा घोटाळ्यात दोषी ठरलेले होते. त्यांना हा मान का, यापेक्षा रायफली का उडाल्या नाहीत याचीच चर्चा देशभर जास्त झाली.

आता पैसा. एका सरणाला साधारण ३०० किलो लाकूड लागते. त्यात नेत्याला वेगळे काही नाही. पुष्पचक्रे, मंडप, ध्वनिक्षेपक, जनरेटर, बॅरिकेड, गाड्यांचे इंधन हा वाढीव खर्च. मोठा आकडा बंदोबस्ताचा असतो आणि फसगत तिथेच होते. शिपायाचा पगार त्या दिवशी घाटावर उभे राहिले तरी तेवढाच आणि सीताबर्डीच्या चौकात उभे राहिले तरी तेवढाच. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या एप्रिल २०१३ मधल्या अंत्यसंस्काराआधी १ कोटी पौंडांचा आकडा वर्तमानपत्रांतून फिरत होता. सरकारने नंतर ३६ लाख पौंड सांगितले, आणि त्यातलेही २० लाख म्हणजे पोलिसांचे असेही द्यावे लागणारे पगार.

उलट सरकारेही आकडा लपवतात. आबे यांच्या वेळी आधी २५ कोटी येन जाहीर झाले. त्यात पोलीस बंदोबस्त आणि परदेशी पाहुण्यांची व्यवस्था धरलीच नव्हती. टीका वाढल्यावर अंदाज १६६ कोटी येनवर गेला आणि अखेर हिशेब सुमारे १२० कोटी येनचा निघाला. तेव्हा कुठलाही आकडा समोर आला की त्यात पगार धरले आहेत का आणि बंदोबस्त धरला आहे का, हे दोन्ही विचारावे. नुसत्या 'कोट्यवधी' या शब्दाला काही किंमत नाही.

रस्ता बंद राहिल्याने होणारा तोटा कोणीच मोजत नाही, तो खरा. अंत्ययात्रा घाट रोडने मेडिकल रुग्णालयाच्या बाजूने गेली तर रुग्णवाहिकांसाठी वेगळी वाट आधी ठरवून जाहीर करावी लागते. पण शासकीय इतमाम नसता तरी त्या नेत्यामागे तेवढीच गर्दी लोटली असती आणि बंदोबस्त लावावाच लागला असता. इतमाम रद्द केला तर वाचतात ते राउंड, पुष्पचक्रे आणि अधिकाऱ्यांचे दोन-तीन तास.

"तिरंगा सरणावर जळतो"

नाही. भारतीय ध्वजसंहिता, २००२ याबाबत स्पष्ट आहे: केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला, आणि ध्वज कबरीत उतरवायचा नाही की चितेत जाळायचा नाही. मुखाग्नीआधी पोलीस तो काढतात, घडी करतात आणि सहसा कुटुंबाच्या हाती देतात. संहितेतल्या मापांपैकी १८०० × १२०० मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे ६ × ४ फुटांचा ध्वज पार्थिवावर नीट बसतो. यापेक्षा मोठा घेतला की कडा ओट्यावरून लोंबतात, पायाखाली येतात.

घोळ होतो तो इथे. मान जाहीर होण्याआधीच, कधी कधी न होताही, कार्यकर्ते घरातच पार्थिवावर तिरंगा टाकतात. हा गुन्हा आहे. शासकीय, लष्करी आणि निमलष्करी अंत्यसंस्कार सोडून ध्वज पांघरण्यासाठी वापरणे १९७१ च्या कायद्यानुसार अवमान ठरते आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. काही ठिकाणी तिरंग्यावर पक्षाचा झेंडा पसरतात. तेही संहितेत बसत नाही, दुसरा झेंडा तिरंग्याच्या वर असता कामा नये. 'तिरंगा जळतो' असे पुढे ढकलणाऱ्यांनी असा फोटो पाहिला तर त्यावर लेखी तक्रार करावी. ती टिकेल.

"सगळी कार्यालये बंद"

दुखवटा आणि सुट्टी या वेगळ्या गोष्टी आहेत. दुखवट्यात ध्वज अर्ध्यावर येतो आणि सरकारी करमणुकीचे कार्यक्रम होत नाहीत; कामकाज चालू राहते. सुट्टीसाठी वेगळा आदेश काढावा लागतो. लता मंगेशकर यांच्या निधनानंतर महाराष्ट्राने ७ फेब्रुवारी २०२२ ला सुट्टी दिली, तो असा वेगळा निर्णय होता.

ध्वज अर्ध्यावर आणण्याचीही यादी ठरलेली आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान यांच्यासाठी देशभर. राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यासाठी त्या राज्यात. राज्याच्या कॅबिनेट मंत्र्यासाठी राज्याच्या राजधानीत. संहितेला 'उपराजधानी' ठाऊक नाही, त्यामुळे इथले विधानभवन, हिवाळी अधिवेशन हा सगळा थाट या यादीत मोजला जात नाही. अंत्यसंस्कार नागपुरात असेल तर त्या दिवशी मात्र इथे ध्वज अर्ध्यावर येतो. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, २ ऑक्टोबर या दिवशी ज्या इमारतीत पार्थिव आहे तिथलाच ध्वज अर्ध्यावर. विलासराव देशमुख यांचे अंत्यसंस्कार बाभळगावला १५ ऑगस्ट २०१२ रोजीच झाले होते.

"हायकोर्ट दोन तासांत स्थगिती देते"

न्यायालय रात्री बसू शकते, हे खरे. ७ ऑगस्ट २०१८ ला तमिळनाडूचे माजी मुख्यमंत्री एम. करुणानिधी गेले तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने मध्यरात्री सुनावणी घेतली आणि दुसऱ्या सकाळी मरिना किनाऱ्यावर दफनाची परवानगी दिली. पण तो वाद जागेचा होता, आणि सरकार नाकारत होते. 'हा माणूस मानाला लायक नव्हता' हे तपासायला नागपूर खंडपीठ बसेल, ही अपेक्षा चुकीची आहे. अंत्यसंस्कार उरकले की स्थगितीची मागणी तशीही निरर्थक होते. टिकण्यासारखी याचिका नंतरची असते: निकष लेखी करा, नाहीतर घटनेच्या कलम १४ (समानतेचा हक्क) खाली मनमानी ठरवा.

मजकुराच्या विरुद्ध बाजूनेही एक दावा फिरतो, की अशा वेळी टीका करणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदवर फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्यासाठी वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. संविधान चौकात फलक धरून उभे राहता येते. त्यासाठी पोलिसांची परवानगी आधी घ्यावी आणि अंत्ययात्रेच्या वाटेवर उभे राहू नये. कुटुंबालाही नको म्हणता येते. केरळचे माजी मुख्यमंत्री ओमन चंडी यांच्या इच्छेनुसार जुलै २०२३ मध्ये त्यांच्या घरच्यांनी शासकीय मान घेतला नाही.

ज्यांना खरेच जाब विचारायचा आहे त्यांनी फॉरवर्ड करण्याऐवजी माहिती अधिकाराचा अर्ज करावा. एक अर्ज सामान्य प्रशासन विभागाकडे, एक नागपूर जिल्हाधिकारी कार्यालयात, एक पोलीस आयुक्तांकडे. शुल्क १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांपर्यंत मजकूर, त्यामुळे भाषण नको. मागायचे एवढे: शासकीय इतमामाच्या आदेशाची प्रत, आदेश तोंडी असेल तर तो कोणी, किती वाजता, कोणाला दिला याची नोंद, पगार वगळून झालेला खर्च, बाबनिहाय, वापरलेल्या ब्लँक राउंडची संख्या. 'का दिला?' असे लिहू नका, मत मागितले म्हणून अर्ज परत येतो. 'निर्णयाची कारणे नमूद असलेल्या टिपणीची प्रत' असे लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरे.