ताळा टाळा

पोरगं दहावीला गेलं की गणित तुमच्या घरी मुक्कामाला येतं. घाबरू नका. गृहपाठ म्हणजे वही भरणं, एवढं मनाशी पक्कं केलंत की पुढचं सोपं आहे.

आधी गाइड. आपल्या बेळगावच्या खडेबाजारात मिळतं ते नको. निपाणी ओलांडून कोल्हापूर गाठा आणि तिकडच्या बोर्डाचं आणा. तिकडे गणिताचे दोन भाग, ४०-४० गुणांचे. आपल्या एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला, एकच पेपर, ८० गुणांचा. धड्यांचा क्रम जुळणार नाही, आकडे तर नाहीच नाही. म्हणून प्रश्नाचा क्रमांक आपल्या पुस्तकातला घाला आणि खाली उदाहरण त्यांचं उतरवा. वही तपासताना सर क्रमांक बघतात, असं समजून चाला.

आता बीजगणित. क्ष² = ५क्ष दिसलं की दोन्हीकडचा एकेक क्ष उडवा. उत्तर ५. क्ष शून्य असला तरी समीकरण जुळतं आणि शून्यानं भागता येत नाही, वगैरे शंका काढणाऱ्या पोराला दूध आणायला पाठवा.

(क्ष − ३)(क्ष − ४) = २ हे तर खास आपल्यासाठीच छापलेलं. दोन्ही कंस दोनाबरोबर धरा: क्ष = ५ किंवा ६. नीट करायचं तर कंस सोडवून, २ अलीकडे आणून क्ष² − ७क्ष + १० = ० करावं लागतं आणि उत्तरं ५ आणि २ येतात. गुणाकार शून्य असेल तरच एखादा अवयव शून्य असतो. दोनाच्या बाबतीत तसलं काही नाही. पण बघा की हो, ५ आलाच! निम्मं उत्तर चुकीच्या रीतीनं बरोबर आलं की ती रीत पोराच्या डोक्यातून वर्षभर हलत नाही.

एकसामयिक समीकरणांत मात्र कसब लागतं. २क्ष + ३य = १६ आणि २क्ष − य = ८. वजा करताना खालच्या ओळीतलं प्रत्येक चिन्ह बदलायचं असतं; तुम्ही फक्त पहिलं बदला. ३य − य म्हणजे २य, ते बरोबर ८, य = ४. पहिल्या समीकरणात घातला की क्ष = २. (खरी उत्तरं ५ आणि २, म्हणजे क्ष ५.) आता ताळा करायचाच असेल तर पहिल्याच समीकरणात करा. क्ष तिथूनच काढलाय, तो तिथे जुळणारच: ४ + १२ = १६. पोरगं खूश, तुम्ही खूश. दुसऱ्या समीकरणाकडे वळूच नका. तिथे ४ − ४ म्हणजे शून्य येतं, आणि हवेत ८. १९५६ पासून एक सीमाप्रश्न तसाच ठेवून जगणाऱ्या माणसांना एक समीकरण सोडून देणं जड जाऊ नये.

शाब्दिक उदाहरणात लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरनं जास्त, क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर. क्ष² + ५क्ष − ८४ = ०, म्हणून रुंदी ७ किंवा उणे १२. दोन्ही लिहा, जास्त उत्तरं म्हणजे जास्त मेहनत. उणे बारा मीटर रुंद शेताचा उतारा कुठल्या तलाठ्याकडे मिळतो, ते सर विचारतील तेव्हा बघू.

भूमितीत पक्ष, साध्य, रचना, सिद्धता हे चार शब्द अधोरेखित केले की निम्मी लढाई जिंकली. त्रिकोण अबक, अब वर ड, अक वर इ, डइ समांतर बक. अड = २, डब = ३, बक = १०, तर डइ किती? २ : ३ समोर दिसतंच आहे, तेच वापरा: ६.६७. थेल्सच्या प्रमेयात अड : डब चालतं ते अइ : इक शी जोडताना. डइ आणि बक यांचा संबंध लागला की समरूप त्रिकोण अडइ आणि अबक घ्यावे लागतात, म्हणजे अड : अब, २ : ५, उत्तर ४. हा घोळ लपवायचा तर आकृती मापात काढू नका. मापात काढली तर डइ बकच्या निम्म्याहूनही लहान दिसते आणि ६.६७ लिहिताना पोराचाच हात थांबतो. पेन्सिल बोथट असलेली बरी.

संख्याशास्त्र रात्री दहानंतर काढा. २५ मुलांचे गुण: ०–१० मध्ये ४, १०–२० मध्ये ६, २०–३० मध्ये १०, ३०–४० मध्ये ५. एकूणाचं निम्मं १२.५, म्हणून मध्यक वर्ग २०–३०. सूत्रात त्या वर्गाच्या आधीची संचित वारंवारता घालायची असते, म्हणजे १०, मग २० + (२.५ ÷ १०) × १० = २२.५. पण आपलं बोट २०–३० च्या ओळीवरच असतं आणि तिथे २० लिहिलंय. घाला २०. कंसात उणे ७.५ येतं, उत्तर १२.५. निम्म्याचा आकडाही १२.५ होताच, त्यामुळे तो पुन्हा भेटल्यावर घरात समाधान पसरतं.

आणि ‘मध्यक २०–३० मध्ये, मग १२.५ कसा?’ असं सरांनी लाल शाईनं लिहिलं तर पान फाडू नका. वही शिवलेली असते. त्याचं जोडपान सुटून मागच्या महिन्यातली अंकगणिती श्रेढी बाहेर येईल, आणि ती पोरानं एकट्यानं, बरोबर सोडवली होती.