घर परराज्यात घ्याल, पण कायदाही तिथलाच लागेल

भाड्याच्या उत्पन्नासाठी दुसरं घर घ्यायचं असेल तर ते आपल्याच शहरात घ्या. गोवा, बंगळुरू, हैदराबाद यांच्या मागे लागू नका, निदान तिथे आपलं हक्काचं माणूस नसेल तर नकोच. हे माझं ठाम मत आहे. ते सविस्तर मांडावंसं वाटतं, कारण सध्या रील्समधून आणि प्रॉपर्टी प्रदर्शनांतून नेमका उलटा सल्ला दिला जातोय.

पुण्यात लीव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे ठरावीक मुदतीच्या घरभाड्याचे करार ऑनलाइन नोंदवून देणं हे माझं काम. अंगठ्याचा ठसा घेणारं मशीन आणि वेबकॅम घेऊन मी लोकांच्या घरी जाते. मालक, भाडेकरू, साक्षीदार, सगळ्यांशी बोलणं होतं. हल्ली करार आटपत आला की मालक विचारतात, "मॅडम, पुण्यात भाड्यात काय सुटतं ते तुम्ही बघताच. त्यापेक्षा गोव्यात व्हिला घेऊन एअरबीएनबीवर पर्यटकांना रोजच्या भाड्याने लावला तर?"

पुण्यात खरंच फार सुटत नाही. समजा वाकडला ८५ लाखांचा टू बीएचके घेतला. ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी धरून तो सव्वा एक्क्याण्णव लाखांना पडला. भाडं २६ हजार. वर्षात एक महिना घर रिकामं गेलं असं धरा, ते जातंच. हाती आले २ लाख ८६ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ४८ हजार. मिळकत कर आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते) मिळून १८ हजार धरू. रंग, नळ, गीझर, ब्रोकर यांचे २० हजार. उरले २ लाख, म्हणजे गुंतवलेल्या रकमेवर सव्वादोन टक्केही नाहीत, आणि प्राप्तिकर अजून भरायचाच आहे. ६८ लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी काढलं असेल तर हप्ता ५९ हजारांच्या घरात जातो. भाडं हप्त्याच्या निम्मंही नाही. शिवाय नव्या करप्रणालीत गेलात तर व्याजामुळे होणारा घराचा तोटा पगारातून वजा करता येत नाही. जुन्या प्रणालीतही वर्षाला २ लाखांचीच मर्यादा आहे. "भाड्यातून हप्ता सुटेल" असं कोणी सांगितलं तर त्याच्यासमोर कागद-पेन घेऊन बसा.

मिळकत कराचं एक वेगळं सांगते. पुण्यात स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्याला मिळकत करात ४० टक्के सवलत आहे. घर भाड्याने दिलं की ती जाते. हे अनेक मालकांना बिल आल्यावरच समजतं. सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस मात्र सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. जास्त लावत असतील तर मुकाट्याने भरू नका.

एवढं कमी सुटत असूनही मी पुण्यातच घ्या का म्हणते? कारण इथे तुमच्या पाठीशी कायदा आहे आणि तो तुम्हाला थोडाफार माहीत आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला असायलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात, वर मालकाला दंड किंवा कैदही होऊ शकते. नोंदवला असेल तर कलम २४ चा आधार मिळतो. मुदत संपूनही समोरच्याने घर सोडलं नाही तर दिवाणी दाव्याच्या फेऱ्यात न अडकता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि ताबा मिळेपर्यंत भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. या सगळ्याला खर्च किती? मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटचा थोडा हिशोब, आणि शहरात १ हजार रुपये नोंदणी फी. तरीही नोटरी करून काम भागवणारे सुशिक्षित मालक भेटतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

राज्याची हद्द ओलांडली की हे कवच उरत नाही. जमीन आणि मालक-भाडेकरू संबंध हा आपल्या घटनेत राज्यसूचीतला विषय आहे, त्यामुळे प्रत्येक राज्याचा भाडेकायदा, मुद्रांक, जमिनीचे उतारे सगळं वेगळं. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, पण तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर सोडलं आहे. पुण्यात चार करार केलेला माणूस मडगावात नवखाच असतो.

गोव्याचं जरा विस्ताराने सांगते, कारण पुण्या-मुंबईचे लोक सगळ्यात जास्त तिकडेच धावतात. आपल्याला सातबारा माहीत असतो. तिथे फॉर्म एक आणि चौदा बघावा लागतो. जमीन रहिवासी वापरात आणल्याची सनद आहे का, जागा कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची तर नाही ना, तिथे कुणी मुंडकार राहतो का, हे सगळं तपासावं लागतं. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जमिनीवर घर करून राहणारं कुटुंब. १९७५ च्या कायद्याने त्यांना तिथून हुसकावण्यापासून संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. त्यावर पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा. नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरली जाते, म्हणून विकणाऱ्याबरोबर त्याच्या जोडीदाराची सही लागते. वडिलोपार्जित घर असेल तर सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार आले. त्यातला एक लिस्बनला आणि एक लंडनला असतो. इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देण्याची प्रक्रिया पूर्ण झाली आहे का, हा प्रश्न पुण्यातल्या किती जणांना सुचेल?

हे पार पडलं तरी व्हिला पर्यटकांना रोजच्या भाड्याने द्यायचा असेल तर गोव्याच्या पर्यटन खात्याकडे नोंदणी सक्तीची आहे. हा नियम १९८२ च्या कायद्यापासूनचा आहे. सोसायटीने परवानगी दिली पाहिजे. चादरी बदलायला, चाव्या द्यायला, मध्यरात्री बंद पडलेला पंप सुरू करायला माणूस हवा. तो त्याचा वाटा घेणार, घ्यायलाच हवा. डिसेंबरातल्या एका आठवड्याचं भाडं दाखवून तुम्हाला वर्षाचा हिशोब समजावला जातो. जून ते सप्टेंबर गादीला बुरशी येते, लाकूड फुगतं, वीज जाते, आणि पाहुणे कमी असतात.

मला आणखी एक टोचतं. गोव्यात नोकरी करणाऱ्या स्थानिक कुटुंबांना वर्षभरासाठी भाड्याने घर मिळणं अवघड झालंय, कारण मालकाला पर्यटकाचं रोजचं भाडं जास्त गोड लागतं. आपल्या गुंतवणुकीमुळे कुणाचं तरी राहतं घर बाजारातून जातं, याचा विचार आपण करावा असं मला वाटतं. घर भाड्याने द्यायचंच तर राहणाऱ्याला द्या. पुण्यातही सोसायट्या "बॅचलर नको, अमुक धर्माचा नको" म्हणून चांगले भाडेकरू परतवतात आणि मग घर तीन-तीन महिने रिकामं राहतं. वेळेवर भाडं देणारा आणि घर नीट ठेवणारा माणूस आडनावावरून ओळखता येत नाही, हे मी इतके करार करून सांगते.

बंगळुरूबद्दल थोडक्यात. भाडं चांगलं मिळतं हे खरं. पण पालिकेच्या दफ्तरी घराची नोंद ए खाता (नियमित) आहे की बी खाता (नियमात न बसणारी), हे समजल्याशिवाय टोकन देऊ नका. बी खात्याच्या घरावर कर्ज देताना बँका नाखूश असतात आणि पुढे विकताना तीच अडचण पुन्हा उभी राहते. पाणी कावेरीचं की बोअर-टँकरचं, हेही विचारा. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्या मोठ्या संकुलांचे जे हाल झाले ते सगळ्यांनी पाहिले.

आणि "पहिली तीन वर्षं हमखास भाडं" या जाहिरातीला भुलू नका. ते भाडं बहुतेक वेळा घराच्या चढ्या किमतीतूनच तुम्हाला परत दिलं जातं.

माझी ही पोस्ट अमेरिकेत किंवा दुबईत बसून वाचणाऱ्यांसाठीही आहे. तुमच्यासाठी कोथरूडचा फ्लॅटसुद्धा परराज्यातल्या घरासारखाच. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून कर कापून भरायचा असतो, दर साधारण ३१ टक्के, आणि भाडं कमी आहे म्हणून सूट नाही. भाडेकरूला हे माहीत नसतं, नोटीस आल्यावर तो घाबरून जातो. करार करतानाच त्याला सांगा. कुलमुखत्यारपत्र द्याल तर ते फक्त भाडेकरारापुरतं द्या. विक्रीचा अधिकार त्यात घालू नका, भाऊ असला तरी.

हे सगळं वाचूनही बाहेरच घ्यायचं ठरलं असेल तर बिल्डरने सुचवलेला वकील घेऊ नका. त्याच तालुक्यातला, आपण स्वतः फी दिलेला वकील लावा आणि किमान तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध काढून घ्या. घर बघायला डिसेंबरात जाऊ नका, जुलैत जा. आणि शेजारच्या इमारतीतल्या भाडेकरूला विचारा की तो दरमहा किती भरतो. ब्रोशरमधला आकडा त्यानंतर वाचा.