खुलासा : फॅनन यांनी हेगेलची मांडणी जशीच्या तशी उचललेली नाही

जर्मन तत्त्वज्ञ हेगेलची मालक-दास मांडणी (एकमेकांकडून माणूस म्हणून मान्यता मिळवण्याच्या झगड्यात एक मालक व दुसरा दास होतो आणि दास अखेर आपल्या कामातून मुक्तीकडे जातो, ही कल्पना) वसाहतवादविरोधी विचारवंत फ्रान्झ फॅनन यांनी कृष्णवर्णीयांना जशीच्या तशी लागू केली आणि गोऱ्यांची मान्यता मिळणे म्हणजेच मुक्ती असे मानले, हे समाजमाध्यमांवर फिरणारे विधान चुकीचे आहे. कॅरिबियनमधील मार्टिनिक या तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीच्या बेटावर १९२५ साली जन्मलेल्या फॅनन यांनी १९५२ च्या ‘ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स’ या ग्रंथात उलट या मांडणीची मर्यादाच दाखवली आहे. हेगेलच्या मालकाला दासाकडून मान्यता हवी असते. वसाहतीतल्या मालकाला मात्र या मान्यतेशी काही देणेघेणे नसते, त्याला फक्त श्रम हवे असतात, आणि दासही कामातून मुक्ती शोधण्याऐवजी मालकासारखा होऊ पाहतो, असे त्यांनी एका तळटीपेत म्हटले आहे. फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी १८४८ साली कायद्याने संपली खरी, पण संघर्षावाचून वरून बहाल झालेली मान्यता फॅनन यांना अपुरी वाटत होती. एक गोरे मूल आपल्याला पाहून घाबरून आईला बिलगते, हा त्यांनी वर्णिलेला प्रसंग कायद्याने समान ठरलेल्या नागरिकाच्याच वाट्याला आलेला आहे.