नुसतं डावीकडं वळायचं, आणि त्यात बाई?

"पाचशे मैल नुसतं डावीकडं वळत राहायचं, याला काय रेस म्हणायची?" सुरजनं एवढं म्हटलं आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर रविवारची सकाळ तापली.

निमित्त नितीनच्या मोबाइलवरच्या नॅसकारच्या क्लिपचं. नॅसकार म्हणजे रस्त्यावरच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या 'स्टॉक कार'ची अमेरिकेतली रेस. नितीन बँकेच्या प्रोजेक्टवर काही वर्षं अमेरिकेत शार्लटला होता. नॅसकारच्या बहुतेक मोठ्या टीमची वर्कशॉप त्याच भागात आहेत, त्यामुळे येताना हे वेड घेऊनच आला. सुरजचं उद्यमनगरात गॅरेज. बापू एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. मृणाल ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. गाडी हा विषय निघाला की यातला कोणीच गप्प बसत नाही, मीसुद्धा.

"वळायचं डावीकडंच," नितीन म्हणाला, "पण ताशी तीनशे किलोमीटरनं, आणि शेजारची गाडी वीतभर अंतरावर." डेटोनाचा ट्रॅक अडीच मैलांचा आणि वळणावर रस्ता ३१ अंश आतल्या बाजूला कललेला. टॅलाडेगाला ३३. उलट ब्रिस्टलचा ट्रॅक जेमतेम अर्ध्या मैलाचा, तिथं एक फेरी पंधरा-सोळा सेकंदांत संपते आणि अशा पाचशे फेऱ्या मारायच्या. डार्लिंग्टनचा तर अंड्यासारखा, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळता, कारण जमीन विकणाऱ्यानं आपलं मासळीचं तळं हलवायला नकार दिला. म्हणून तिथं एका टोकाला जमणारी गाडी दुसऱ्या टोकाला जमत नाही.

सुरज तरीही हटेना. मग नितीननं त्याला त्याच्याच भाषेत गाठलं. छोट्या ओव्हल, म्हणजे लंबगोल, ट्रॅकवरच्या गाड्यांना उजवीकडचे टायर मुद्दाम डावीकडच्यांपेक्षा मोठ्या घेराचे लावतात. स्टिअरिंग सोडलं तर गाडी आपसूक डावीकडं ओढते.

"म्हणजे सरळ रस्त्यावर ती सतत दाबून धरायला लागणार," सुरज म्हणाला. चहा खाली ठेवला आणि खडूनं कट्ट्यावरच चार चाकं काढली. मग नितीननं समजावलं: पुढची चाकं घसरून गाडी भिंतीकडं जायला लागली तर ती 'टाइट', मागची बाजू सुटायला लागली तर 'लूज'. पिटमध्ये, म्हणजे टायर-पेट्रोलसाठी थांबायच्या जागी, गाडी आली की मागच्या काचेतल्या भोकातून लांब पाना घालून स्प्रिंगवरचा दाब कमी-जास्त करतात. ड्रायव्हरनं रेडिओवर नेमकं सांगायचं की वळणात शिरताना सुटते, मधे सुटते की बाहेर पडताना. चुकीचं सांगितलं तर पाना चुकीचा फिरणार आणि पुढच्या पन्नास फेऱ्या वाया. सुरज बराच वेळ त्या खडूच्या चौकोनाकडं बघत राहिला. त्याच्याकडं येणारं गिऱ्हाईक 'गाडी आवाज करते' यापलीकडं काही सांगत नाही, त्यामुळे हे त्याला एकदम पटलं.

खरी गरमागरमी पुढं झाली. क्लिपमधली हिरवी गाडी डॅनिका पॅट्रिक या बाई ड्रायव्हरची होती.

"हे सगळं खरं," बापू म्हणाले, "पण बायका त्यात शोभेला असत्यात. तिकिटं खपावीत म्हणून."

मृणाल उसळली. पण मला वाटतं, बापूंच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं, अर्धं होतं. बायकांना ओव्हलवर पहिल्यांदा आणलं ते तिकिटं खपावीत म्हणूनच. १९४६ साली साउथ कॅरोलायनात ग्रीनव्हिलला रेस भरवणाऱ्यांना गर्दी जमवायला एखादी बाई हवी होती. गावात लुईज स्मिथ नावाची बाई पोलिसांना मागे टाकून गाडी पळवते म्हणून प्रसिद्ध होती, तिलाच बोलावलं. तिनं त्याआधी रेस पाहिलीही नव्हती. तिला एवढंच सांगितलं की लाल झेंडा दिसला की थांबायचं. चौकड्यांचा झेंडा म्हणजे रेस संपली, हे कोणी बोललंच नाही. रेस संपली, बाकीचे थांबले आणि ही आपली फिरतेच आहे. शेवटी कोणाला तरी लाल झेंडा आठवला. तिचा नंबर आला तिसरा.

पुढच्या वर्षी ती नवऱ्याची नवी कोरी फोर्ड घेऊन डेटोनाला रेस 'बघायला' गेली, रेसमध्ये उतरली आणि गाडी उलटवून आली. घरी सांगितलं, गाडी वाटेत बंद पडली. नवऱ्यानं समोर वर्तमानपत्र ठेवलं, त्यात त्याच गाडीचा फोटो. तरी ती थांबली नाही. छोट्या ट्रॅकवर पुढं ढिगानं रेस जिंकली आणि १९९९ साली इंटरनॅशनल मोटरस्पोर्ट्स हॉल ऑफ फेममध्ये जाणारी पहिली बाई ठरली.

"शोभेला बोलावली," मृणाल म्हणाली, "पण ती शोभेला राहिली का?"

बापू हसले, पण मागे हटले नाहीत.

१९४९ हे वर्ष मला या सगळ्यात सगळ्यात जास्त खुपतं. नॅसकारच्या मुख्य मालिकेची पहिली रेस त्या जूनमध्ये शार्लटला झाली आणि तिच्यातही एक बाई होती, सारा ख्रिश्चन. जुलैत डेटोनाला तर तिघी उतरल्या: सारा, लुईज स्मिथ आणि एथेल मोब्ली. एथेलचे तीन सख्खे भाऊ त्याच रेसमध्ये होते, आणि त्यातल्या दोघांना मागे टाकून ती अकरावी आली. ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गजवळ हायडेलबर्गच्या ट्रॅकवर सारा ख्रिश्चन पाचवी आली. त्या मालिकेत बाईनं मिळवलेला तो आजही सर्वांत वरचा क्रमांक आहे. पंचाहत्तर वर्षांहून जास्त काळ लोटला, गाड्या बदलल्या, ट्रॅक बदलले, आणि पाचव्याच्या वर कोणी गेलेलं नाही.

"मग माझंच खरं झालं की," बापू म्हणाले.

"नाही बापू," मृणाल म्हणाली, "मधल्या काळात किती जणींना चांगली गाडी मिळाली ते विचारा."

आणि तिनं जॅनेट गथ्री काढली. मृणालची ही आवडती बाई, कारण ती फिजिक्सची पदवीधर. मिशिगन विद्यापीठातून शिकून विमान उद्योगात इंजिनिअर झाली होती. १९७६ साली इंडियानापोलिसच्या रेसला पात्र ठरता येईना, तेव्हा शार्लट ट्रॅकच्या माणसांनी तिला आपल्याकडे वळवलं आणि लिंडा फेरेरी या बँकेतल्या अधिकारी बाईंनी तिच्यासाठी गाडी घेतली. शार्लटची रेस ६०० मैलांची. बाईला इतका वेळ उष्णता सोसणार नाही, असं गॅरेजमधली मंडळी उघड बोलत होती. ती पंधरावी आली. पुढच्या वर्षी ती डेटोना ५०० मध्ये उतरली, ती तिथली पहिली बाई. शेवटच्या काही फेऱ्यांत इंजिनचे दोन सिलिंडर गेले, तरी बारावी.

"आठातले दोन गेले? सहा सिलिंडरवर डेटोना?" सुरजनं मधेच विचारलं आणि स्वतःच मान हलवली.

त्याच वर्षी ब्रिस्टलला ती सहावी आली. सतत धक्के बसणाऱ्या त्या ट्रॅकवर सहावी! एवढं केल्यावर तिच्यामागे स्पॉन्सर लागायला हवे होते. ते लागले नाहीत. १९७६ ते १९८० मिळून मुख्य मालिकेत ३३ रेस, आणि मग पैशांअभावी सगळं थांबलं. तिला नॅसकार हॉल ऑफ फेमच्या २०२४ च्या वर्गाबरोबर लँडमार्क पुरस्कार जाहीर झाला, हे चांगलंच झालं, पण त्यानं १९८१ चा सीझन परत मिळत नाही.

आता सुरजनं नेमका घाव घातला. "ते जुनं झालं. डॅनिकाला तर सगळं मिळालं होतं ना? चांगली टीम, चांगला पैसा. काय झालं?"

हा प्रश्न टाळून चालणार नाही, आणि मृणालनंही टाळला नाही. डॅनिका पॅट्रिकनं १९१ रेस केल्या. पहिल्या दहांत सात वेळा. पहिल्या पाचांत एकदाही नाही. तिच्याच टीमच्या केविन हार्विकनं २०१४ साली विजेतेपद घेतलं, म्हणजे दुकान चांगलं होतं. तिच्या चाहत्यांनी हे आकडे मान खाली न घालता वाचावेत असं माझं मत आहे.

पण नितीननं मोबाइल चहाच्या ग्लासला टेकवला आणि २०१३ च्या डेटोना ५०० ची शेवटची फेरी लावली. त्या रेसला पॅट्रिकनं ताशी १९६.४३४ मैल वेगानं पोल, म्हणजे सर्वांत पुढून सुरुवात करायची जागा, घेतली होती, मुख्य मालिकेत पोल घेणारी पहिली बाई. रेसमध्ये काही फेऱ्या आघाडीवरही होती. शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा ती तिसरी. क्लिपमध्ये दिसतं ते असं: ती भिंतीलगतच्या रांगेत आहे, पुढं जिमी जॉन्सन. खालच्या रांगेत डेल अर्नहार्ट ज्युनिअर, आणि त्याच्या मागच्या बंपरला मार्क मार्टिन. डेटोनाला एकटी गाडी हळू जाते आणि एकामागे एक चिकटलेल्या दोन गाड्या वेगानं जातात, कारण हवा दोघांत वाटली जाते. त्यामुळे पुढं जायचं तर मागून ढकलणारा जोडीदार पाहिजे. त्या दोघांची जोडी आधीच ठरलेली दिसते, हिच्यामागे ढकलायला कोणी नाही. बघता बघता खालची रांग निघून जाते आणि ती आठवी येते.

"इथं खाली यायला पाहिजे होतं," सुरज म्हणाला.

"खाली आली असती तर आपटली असती," नितीन म्हणाला.

दहा वेळा पाहिलं तरी दोघांचं एकमत झालं नाही. मला त्यात एक गोष्ट स्वच्छ दिसते. मार्टिन आणि अर्नहार्ट तिथं वर्षानुवर्षं एकमेकांच्या बंपरला चिकटत आले होते. पॅट्रिक इंडीकार या दुसऱ्या अमेरिकन मालिकेतून आली होती. तिथं चाकं उघडी, चाक चाकाला लागलं तर गाडी हवेत. २००८ साली जपानमध्ये मोटेगीच्या ओव्हलवर तिनं इंडीकारची रेस जिंकलीही, पण दीड टनाची गाडी दुसऱ्याच्या मागच्या बाजूला टेकवून ढकलायची सवय तिला तिशीच्या आसपास लावून घ्यावी लागली. हार्विकसारखी पोरं ती सवय लहानपणापासून आपापल्या गावच्या ट्रॅकवर लावतात.

म्हणून मला पॅट्रिकपेक्षा जोहाना लाँगचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. फ्लोरिडातल्या पेन्साकोलाची पोर, छोट्या ट्रॅकवर वाढलेली. २०१० साली, अठराव्या वर्षी, तिनं स्नोबॉल डर्बी जिंकली. अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर ३०० फेऱ्या, आणि देशभरातले छोट्या ट्रॅकचे उस्ताद आलेले. आदल्याच वर्षी ती नॅसकारच्या मुख्य मालिकेतल्या काइल बुशनं जिंकली होती. म्हणजे 'बाईला जमत नाही' या वाक्याचा निकाल तिथं लागलेला आहे. मग पुढं? नॅसकारच्या दुसऱ्या फळीत एका छोट्या टीमकडून दोन सीझन, तेही सगळ्या रेस नाहीत, आणि नंतर बसायला गाडीच नाही. बुशला कोणी गाडीसाठी वणवण करायला लावलं नाही. या खेळात तरुण ड्रायव्हरला टायर, इंजिन, मेकॅनिक यांचा पैसा सोबत आणावा लागतो. मुलगा हरला तर तो शिकतोय म्हणतात, मुलगी हरली तर प्रयोग फसला म्हणतात.

"पैशाचं रडगाणं सगळीकडंच हाय," बापू म्हणाले. ते खरंच आहे. पण चाळीस मुलांमागे दोन मुली या शिडीवर चढत असतील आणि त्यातल्या एकीची शिडी मधेच काढून घेतली, तर वर पोचणार कोण?

ओव्हल मला आवडतो त्याचं कारण मी त्या दिवशी बोलून दाखवलं. नितीन सांगतो की स्टँडमध्ये बसलं की अख्खा ट्रॅक एका नजरेत येतो, आणि लोक कानाला हेडफोन लावून ड्रायव्हर आणि स्पॉटरचं (उंचावरून ट्रॅक बघून त्याला सांगणाऱ्याचं) बोलणं थेट ऐकतात. आपल्या खासबागेच्या कुस्ती मैदानात कुठंही बसलं तरी हौद्यातली पकड दिसते, तसं ते आहे. कोणी कोणाला कुठं दाबलं, कोण घाबरलं, कोणी वाट दिली, सगळं सगळ्यांसमोर. गाडीला पॉवर स्टिअरिंग आहे, हलक्या ड्रायव्हरच्या गाडीत जादा वजन भरतात. अशा जागी बाई जिंकली तर ते नाकारायला जागाच उरत नाही. म्हणूनच तिथं तिला नीट संधी न मिळणं मला जास्त लागतं.

आणि चूक झाली की तेही सगळ्यांसमोर. मार्च २०२५ मध्ये कॅथरिन लेग फिनिक्सला मुख्य मालिकेत उतरली, २०१८ मध्ये पॅट्रिक थांबली त्यानंतरची पहिली बाई. स्टॉक कारचा सराव जवळपास नाही. दोनदा गाडी फिरली, दुसऱ्यांदा डॅनियल सुआरेझलाही घेऊन गेली, तिसावा नंबर. त्यावर टीका व्हायलाच हवी. पण पुढच्या महिन्यात दुसऱ्या फळीतल्या एका अपघातानंतर तिला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, हे तिनं स्वतः सांगितलं. पुरुष दर रविवारी एकमेकांना भिंतीत घालतात.

हे ऐकून बापू गंभीर झाले. एसटीत आता बायका स्टिअरिंगवर आल्यात आणि त्यांच्या गाडीला साधं खरचटलं तरी स्टँडवर काय बोललं जातं, ते त्यांनी स्वतःहून सांगितलं. "घाटात पहिल्या वर्षी मी दोनदा गाडी घासली होती," म्हणाले, "मला कोण काय बोललं नाही."

मृणालनं मग पुण्याच्या डायना पुंडोळेचं नाव काढलं. २०२४ साली एमआरएफ सलून, म्हणजे बंद कारच्या, गटात पुरुषांबरोबर शर्यत करून राष्ट्रीय विजेतेपद तिनं घेतलं. तो ओव्हल नव्हे, उजवी-डावी वळणं असलेला ट्रॅक. पण आपल्याकडच्या एका बाईला पूर्ण सीझन मिळाला आणि तिनं तो जिंकला.

सुरजचं मत अजून तेच आहे की डॅनिकानं एक तरी रेस काढायला हवी होती. माझं म्हणणं, लाँगला तिच्या गाडीत बसवलं असतं तर काढली असती. बापूंना दोन्ही मान्य नाही. ते म्हणतात, जिंकून दाखवा मग बोलू. टॅलाडेगाची पुढची रेस आपल्याकडं रात्री उशिरा आहे, ती नितीनच्या घरी बघायचं ठरलंय. सुरजला त्यात गाड्यांपेक्षा रेडिओवरचं बोलणं ऐकायचंय. ड्रायव्हर 'लूज' कधी म्हणतो आणि लगेच पाना किती फिरवतात, ते त्याला लिहून घ्यायचंय.