आत्याबाईंचे ओळखपत्र

आज सकाळी बसस्थानकाच्या भिंतीवर सारनाथ, बोधगया, कुशीनगर आणि लुंबिनीच्या सहलीचे पत्रक पाहिले. त्यावर ठळक अक्षरांत "फक्त आधार कार्ड सोबत आणा" असे छापले होते. वाचून डोके तापले, कारण याच वाक्यापायी आमच्या आत्याबाईंची लुंबिनी हुकली होती.

लुंबिनी नेपाळात आहे आणि नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, हे खरे. परंतु पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. आधार कार्ड चालते ते 15 वर्षांखालील मुलांना आणि 65 वर्षांवरील वृद्धांना. आत्याबाई साठीच्या आतबाहेरच्या. त्यांनी एजंटाला दोनदा विचारले, तेव्हा तो म्हणाला, "काई होत नाई जी, सब चालते तिथं." मतदार ओळखपत्र घरी फडताळात राहिले आणि भारत-नेपाळ सीमेवरील सोनौलीच्या नाक्यावर सशस्त्र सीमा बलाच्या जवानाने नेमके तेच मागितले. पुष्कळदा कोणी विचारतही नाही, हे मला मान्य आहे; पण ज्या बाईने सोयाबीनच्या पैशातून वर्षभर बाजूला टाकून भाडे भरले, तिने नशिबावर का विसंबावे? बस पुढे गेली. लॅमिनेशन केलेले आधार कार्ड पदराच्या गाठीत बांधून आत्याबाई सीमेवरच्या कमानीच्या अलीकडे, चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या. लुंबिनीचे मायादेवी मंदिर आणि अशोकस्तंभ तिथून तासाभराच्या वाटेवर होते.

एजंट सगळ्यांची मूळ कागदपत्रे गोळा करून स्वतःच्या पिशवीत ठेवतो, हेही बंद झाले पाहिजे. त्याला झेरॉक्स द्या, त्यावर तारीख व कारण लिहा, मूळ प्रत आपल्याजवळच ठेवा. शंभराच्या नोटा जास्त घ्या, कारण मोठ्या नोटांवर तिकडे अडवणूक होत आली आहे. आपल्या 100 रुपयांना तिथले 160 मिळतात, हा दर ठरलेला आहे; त्याहून कमी देणाऱ्या दलालाकडे थांबू नका. आपले सिमकार्ड रोमिंगशिवाय पलीकडे चालत नाही, म्हणून बसमधील एकाचा तरी नेपाळी नंबर सर्वांनी कागदावर लिहून घ्यावा.

हॉटेलचे तर विचारूच नका. पत्रकावर "डिलक्स" लिहिले होते आणि गुडघे दुखणाऱ्या आत्याबाईंना खोली मिळाली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती. त्या प्रत्येक पायरीवर हात टेकवून चढल्या आणि रात्री पाणी कमी प्यायल्या, कारण खाली बसायचा संडास त्यांना जमत नव्हता. पैसे भरण्यापूर्वी हॉटेलचे नाव मागा आणि तिथे स्वतः फोन लावा. तळमजल्यावर खोली आहे का, कमोड आहे का, गरम पाणी किती वाजता येते, बस दारापर्यंत जाते का, एवढे विचारायला पाच मिनिटे पुरतात. एजंट नाव सांगत नसेल, तर त्याच्याकडे पैसे भरू नका. विहारांमधील निवास साधा असतो, पण म्हाताऱ्या माणसाला तो कितीतरी सोयीचा पडतो.

सगळेच एजंट लबाड नसतात. काही जण म्हाताऱ्यांना हात धरून नेतात, हेही मी पाहिले आहे. तरीही आपल्या आया-मावश्या आयुष्यात एकदाच लुंबिनीला निघतात, याची जाण या धंद्यातल्या प्रत्येकाला असायलाच हवी.

आपल्या गावातून जे जाणार आहेत, त्यांनी रविवारी सकाळी कागदपत्रे घेऊन समाजमंदिरात यावे. मी प्रत्येकाचे ओळखपत्र तपासून देईन, हॉटेललाही फोन लावून देईन. आत्याबाई यंदा पुन्हा नाव नोंदवत आहेत. त्यांच्या शेजारची जागा मी माझ्यासाठी मागितली आहे.