क्रेट म्हणायचं, पिंजरा नाही

परवा रविवारी सकाळी सव्वासातला मी कमरेपर्यंत पिंजऱ्यात होतो आणि समोरचे काका सरळ आत आले. दूध घेताना दार उघडं राहिलं होतं. आता माझा जो भाग पिंजऱ्याबाहेर होता त्याच्याशीच बोलणं त्यांना भाग होतं, तर त्याला उद्देशून ते म्हणाले, "अहो, आमचा पेपर आलाय का तुमच्याकडे?"

थोडक्यात सांगतो, कारण मूळ मुद्दा काका आहेत. पार्किंगमध्ये कुत्र्याचं पिल्लू सापडलं, बायकोला दया आली, त्याचं नाव बंड्या ठेवलं. दोन महिन्यांचं असेल तेव्हा. पहिल्या आठवड्यात दोन चपला, एक चार्जर आणि आईच्या जपमाळेचा गोंडा गेला. मग ट्रेनर बाई आल्या आणि म्हणाल्या क्रेट घ्या. मी म्हटलं पिंजरा? तर म्हणाल्या पिंजरा म्हणायचं नाही, शब्दाने आपली मानसिकता बदलते. आता क्रेट म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर टोमॅटो येतात, नारायणगावच्या बाजारात भावसुद्धा वीस किलोच्या क्रेटवर निघतो, त्यामुळे मानसिकता काही बदलली नाही, फक्त भूक लागली. आईने तर पहिल्या दिवसापासून त्याला खुराडंच म्हटलं.

दुकानातला अपमान वेगळाच. चोवीस, तीस, छत्तीस, बेचाळीस इंच अशी उतरंड लावलेली. आता देशी पिल्लू, त्याच्या आईबापाचा पत्ता नाही, ते वाढून केवढं होणार हे ब्रह्मदेवाला ठाऊक. दुकानदाराने विचारलं ब्रीड काय? म्हटलं देशी. तो म्हणाला, "मग क्रेट कशाला?" म्हणजे दहा वाक्यांपूर्वी हाच माणूस शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगत होता की क्रेट म्हणजे कुत्र्याची हक्काची गुहा, तिथे त्याला सुरक्षित वाटतं. देशी कुत्र्याला गुहा लागत नाही, त्याला बहुतेक चौकातला कट्टा पुरतो. त्या रागात मी छत्तीस इंची घेतला, घडीचा, खाली सरकता ट्रे, मध्ये सरकवायची जाळी, त्रेचाळीसशे रुपये मोजून. राग आला की मी नेहमी महाग वस्तू घेतो.

आणि बंड्या आत जाईना. ट्रेनर बाईंचा नियम असा की आत ढकलायचं नाही, शिक्षा म्हणून तर कधीच कोंडायचं नाही, जेवण आत द्यायचं म्हणजे त्याला जागा आवडते, मग हळूहळू दार मिनिट-दोन मिनिटं लावून बघायचं. आम्ही थाळी आत ठेवायचो. बंड्या मागचे दोन पाय फरशीवर घट्ट रोवून मान अशी लांब करायचा की कुत्रं आहे की जिराफ कळू नये, आणि जेवून बाहेर. तीन आठवडे त्या मागच्या पायांनी उंबरठा ओलांडला नाही. म्हणून शनिवारी रात्री मी उकडलेल्या लिव्हरचा तुकडा पार शेवटच्या कोपऱ्यात ठेवला. सकाळी तुकडा तिथेच, आणि मुंग्यांची रांग थेट बाल्कनीपासून. तो काढायला मी आत शिरलो आणि टीशर्ट वरच्या कडीच्या हुकात अडकला. बंड्या बाहेर बसून बघत होता, एक कान उभा, एक आडवा.

"अडकलात का?" काका म्हणाले.

"नाही."

"मग?"

"लिव्हर काढतोय."

काका शुद्ध शाकाहारी. ते एक पाऊल मागे गेल्याचं मला चपलेच्या आवाजावरून कळलं. मला वाटलं आता जातील. पण काका पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत, आणि समोर एखादी गोष्ट उभारलेली दिसली की तिची तपासणी केल्याशिवाय त्यांना चहा पचत नाही. त्यांनी पिंजऱ्यावर टिचकी मारली. माझ्या कानाशी टण्ण वाजलं.

"केवढ्याला पडला?"

नवीन वस्तूची खरी किंमत शेजाऱ्याला सांगायची नसते. मी बाराशे कमी केले. "एकतीसशे."

"एकतीसशे! फसलात. तार बघा ही. ही तार आहे का? यात फारतर पोपट राहील. भवानी पेठेतून दहा एमएमचे बार आणले असते, फॅब्रिकेटरकडून किलोवर करून घेतलं असतं, नातवापर्यंत टिकलं असतं."

"कोणाच्या नातवापर्यंत?"

"पिंजरा हो. पिंजरा टिकला असता."

"क्रेट," मी आतून म्हणालो. का म्हणालो माहीत नाही, अशा वेळी माणूस कसलीतरी प्रतिष्ठा धरून बसतो.

"थांबा, हलू नका," म्हणून काका गेले. मला वाटलं कात्री आणायला गेले. आले ते टेप घेऊन. लांबी घेतली, रुंदी घेतली, उंची घेताना टेपचं एक टोक माझ्या पाठीवर टेकवलं. "छत्तीस आणि दोन सूत. दोन सूत जास्तच दिलंय हो, माणूस प्रामाणिक दिसतो." मग त्यांना मधली जाळी दिसली. हे पार्टिशन कशाला? मी, मुंग्या मनगटावर चढलेल्या अवस्थेत, समजावून सांगितलं की पिल्लाला उभं राहता, वळता आणि पसरून झोपता आलं पाहिजे एवढीच जागा ठेवायची, कारण कुत्रं झोपायच्या जागी घाण करत नाही, जागा जास्त झाली की एका टोकाला झोपतं आणि दुसऱ्या टोकाला मोरी करतं, म्हणून ते वाढेल तशी जाळी मागे सरकवायची.

"म्हणजे वन आरके," काका म्हणाले. "पुढे वन बीएचके होणार. रिडेव्हलपमेंट आहे तर."

आणि मग जाता जाता, माझा टीशर्ट सोडवायला बोटही न लावता, हे म्हणाले, "स्वीडनमध्ये बंदी आहे बरं का याला. तिथे पोलीस आले असते तुमच्याकडे." मुलगा तिकडे असतो त्यांचा. मी हसलो. पुण्यात मेट्रो आपल्या हयातीत धावत नाही असं हे काका 2021 पर्यंत छातीठोकपणे सांगत होते, 2022च्या मार्चमध्ये ती धावली तेव्हा म्हणाले ही ट्रायल आहे. असल्या माणसाचं स्वीडन मी कशाला मनावर घेऊ? शेवटी बायको उठली, तिने कडी काढली, आधी फोटो काढला मग कडी काढली, आणि मी हात धुऊन पहिलं काम काय केलं तर काकांना खोटं पाडायला मोबाईल उघडला.

खरं निघालं. घरात कुत्र्याला बंद पिंजऱ्यात ठेवायला स्वीडनमध्ये परवानगी नाही, प्रवास, स्पर्धा असे मोजके अपवाद. म्हणजे हा माणूस आयुष्यात एकदा बरोबर निघायचा तर माझ्या पाठीवर टेप ठेवून. आपल्याकडचा 1960चा प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा कायदासुद्धा म्हणतो की पिंजऱ्यात हालचाल करण्याइतकी जागा पाहिजे. ते वाचून मी अपराधी चेहऱ्याने रिकाम्या पिंजऱ्याकडे बघत बसलो. ज्याला कोंडायचं तो सोफ्यावर, आणि मला पश्चात्ताप.

पण मला खरंच कळत नाही की करायचं काय माणसाने. पिल्लू रात्री भुंकलं तर ग्रुपवर मेसेज, "कृपया आपल्या पाळीव प्राण्याची काळजी घ्यावी", आणि ते "आपल्या" कोणासाठी ते सगळ्यांना माहीत. वायरी कुरतडून मेलं असतं तर सांभाळता येत नाही तर पाळता कशाला. आणि पिंजरा लिफ्टमधून वर आणला त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "मुक्या जनावराला कोंडता? पाप लागतं." आपण दोघे दिवसाला दहा तास ऑफिस आणि ट्रॅफिकमध्ये, घरी आई एकटी, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिच्या पायात ते घुटमळतं, याचं पाप कोणाला लागतं ते काकू सांगत नाहीत. दोन महिन्यांच्या पिल्लाला रात्री दोन-तीनदा शी-शूला न्यावं लागतं, लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडता येत नाही, म्हणजे रात्री अडीचला मी बाथरूममध्ये उभा राहून कुत्र्याला "कर ना रे बाबा" म्हणत असतो. तेव्हा कोणी येत नाही टेप घेऊन.

असो. काल संध्याकाळी घरी आलो तर हॉलचा कोपरा मोकळा. आई म्हणाली, "खुराडं काका घेऊन गेले. त्यांची आंब्याची पेटी आलीये रत्नागिरीहून, बाल्कनीत उंदीर लागतात म्हणे. नाहीतरी रिकामंच पडलं होतं." मी समोर गेलो. काकांच्या पॅसेजमध्ये माझं त्रेचाळीसशेचं क्रेट, आत भाताचा पेंढा, जाळीच्या अलीकडे हापूसची अढी. मधल्या जाळीचा असा उपयोग मला सुचला नव्हता. आणि माझ्या पायातून बंड्या आत घुसला, जाळीच्या पलीकडच्या अर्ध्या भागात चारही पाय, शेपटीसकट, तीन गिरक्या मारल्या, पेंढ्यात नाक खुपसलं आणि झोपला. उचलायला गेलो तर माझ्यावर गुरगुरला. माझ्यावर!

"पेंढा घालायला पाहिजे होता तुम्ही," काका म्हणाले. "एकतीसशे घालवण्याआधी विचारायचं तरी."

रात्री त्यांनी फोटो टाकला ग्रुपवर. सत्तावीस अंगठे आले, पाप वाल्या काकूंचा पहिला. बंड्या रात्रभर तिकडेच होता, आंबे संपेपर्यंत क्रेट परत मिळणार नाही असं दिसतंय आणि आंबे अजून हिरवे आहेत. आज सकाळी समोरच्या काकूंनी आधी पिकलेले दोन पाठवले, वापरल्याबद्दल म्हणून. त्यातला एक डागी होता.