धुरीने दाढेची कीड बाहेर पडते म्हणे! त्या व्हायरल मेसेजबद्दल

तो दाढेचा मेसेज परत फिरायला लागलाय. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दाढ किडली तर डेंटिस्टकडे जाऊ नका, नुसते लुटतात, रिंगणीच्या बियांची धुरी घ्या म्हणजे कीड (म्हणजे अळी) बाहेर पडते, लवंग तेलाने ठणका थांबला की दाढ बरी झाली समजा, वरची दाढ काढली तर नजर जाते आणि रूट कॅनालने (म्हणजे आतली नस काढून दाढ भरली तर) कॅन्सर होतो. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

आधी धुरी. दाढेत अळी नसतेच हो, मग पडणार काय? पाण्यात किंवा फडक्यावर जे पांढरं बारीक दाखवतात ते जाळलेल्या बियांतलंच असतं. युरोपात पूर्वी हाच खेळ खुरासानी ओव्याच्या बिया जाळून चालायचा, आणि पिएर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्याने 1728 च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय की मी शोधलं, मला अळ्या काही दिसल्या नाहीत. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षं झाली या गोष्टीला. आपण कीड म्हणतो ते बॅक्टेरियांचं काम, तोंडात राहिलेल्या साखरेचं ते ॲसिड करतात आणि त्याने दात विरघळत जातो. अगदी सुरुवातीचा पांढरट डाग फ्लोराइडने परत घट्ट होऊ शकतो, पण एकदा भोक पडलं की ते आपोआप भरून येत नाही, कारण वरच्या कडक थरात नवीन बनवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात.

लवंग तेलाचं मात्र अर्धं खरं आहे. त्यातल्या युजेनॉलने बधिरपणा येतो, डेंटिस्ट दाढेत तात्पुरतं भरतात त्या टेम्पररी सिमेंटमध्येही तेच असतं. रात्री दोन वाजता ठणकायला लागलं तर कापसावर थेंबभर घेऊन लावा, बिनधास्त (हिरडीवर ओतू नका, भाजते). पण ठणका थांबणं आणि दाढ बरी होणं यात फार फरक आहे आणि लोक नेमके इथेच फसतात. दाढेच्या आतली नस चारी बाजूंनी कडक भिंतीत बंद असते, सुजली तरी पसरायला जागा नाही म्हणून ती एवढी ठणकते, आडवं पडलं की जास्तच. मग एक दिवस दुखणं अचानक बंद होतं आणि माणूस खूश, धुरीला गुण आला म्हणून. बऱ्याचदा झालेलं असं असतं की नस मेलीय. इन्फेक्शन तिथेच आहे, ते मुळातून हाडात उतरतं आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हिरडीवर पुळी नाहीतर गाल सुजलेला. जबड्याखाली सूज, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, असं काही झालं तर लवंग राहू दे, सरळ हॉस्पिटल गाठा, यात जीव जाऊ शकतो. आणि मेडिकलवाल्याकडून ॲमॉक्सिसिलिनची पट्टी आणणाऱ्यांनो, नस सुजल्याचं दुखणं अँटिबायोटिकने बरं होत नाही.

नजर जाण्याचं तर सोडाच. दाताची नस वेगळी, डोळ्याने बघायची नस वेगळी, दाढ ओढली म्हणून दुसरी तुटत नाही.

कॅन्सरची भीती अमेरिकेतून आलीय. वेस्टन प्राइस नावाच्या डेंटिस्टने 1920 च्या दशकात मांडलं की रूट कॅनाल केलेल्या दातांमुळे शरीरभर रोग होतात, तेव्हा तिकडे लोकांचे चांगले दातसुद्धा उपटले गेले, पण पुढे नीट तपासल्यावर ते टिकलं नाही. गंमत म्हणजे दाढ दुखते म्हणून मिश्री लावणारी मंडळी हा मेसेज पुढे पाठवतात, आणि मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, त्याने खरोखर कॅन्सर होतो!

राहिलं लुटणं. काही जण लुटतात, नाही कशाला म्हणू. म्हणून एक्स-रे दाखवायला सांगा, कीड आतल्या नसेला पोचलीय का ते विचारा. थंड लागलं की कळ येते आणि क्षणात जाते, तर बहुतेक वेळा नुसतं भरून भागतं. कळ रेंगाळते, रात्री झोपेतून उठवते, तर रूट कॅनाल नाहीतर दाढ काढणं. काढणं स्वस्त पडतं खरं, पण मोकळ्या जागेत शेजारचा दात कलतो, चावताना त्यावर टेकणारा समोरचा दात लांबत येतो आणि नंतर इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) करायचं तर त्याचा खर्च रूट कॅनालपेक्षा जास्त. अक्कलदाढ असेल तर काढून मोकळे व्हा, तिच्यावर सहसा कोणी खर्च करत नाही. पैशांचीच अडचण असेल तर मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल आहे, मुंबई, नागपूर, संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेजं आहेत, प्रायव्हेटपेक्षा बरंच कमी लागतं. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा आणि दोन-चार खेपांची तयारी ठेवायची. फक्त रूट कॅनालच्या पहिल्या खेपेत दुखणं थांबलं म्हणून टेम्पररी सिमेंटवर महिनोन् महिने राहू नका, ते झिजतं, गळतं आणि आत परत इन्फेक्शन होतं.